आठवण पाव डॉलरची

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात मार्शफील्ड नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. १९८२ साली या गावाने नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमवर बंदी घातली. तक्रार जगभर ऐकू येणारीच होती: पोरं बिघडतात, पैसे उडवतात. बंदी उठायला २०१४ साल उजाडलं. दरम्यान २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘पॅक-मॅन’ रीतसर आपल्या संग्रहात दाखल करून घेतला होता. जी वस्तू एका गावात बेकायदा, तीच चारेक तासांच्या अंतरावर पिकासोच्या शेजाराला, असा प्रकार दोनेक वर्षं सुखाने चालला.

त्या यंत्रांचे दिवस आता चांगलेच पालटले आहेत. ब्रुकलिनमध्ये २००४ साली ‘बारकेड’ सुरू झालं. एका हातात बिअर, दुसऱ्या हातात जॉयस्टिक ही कल्पना तिथून अमेरिकाभर पसरली. ‘रेडी प्लेयर वन’ ही कादंबरी २०११ साली आली आणि २०१८ मध्ये स्पीलबर्गने तिचा सिनेमा केला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वातली पोरं आर्केडमध्येच, म्हणजे व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्येच, सापडतात. मूळ यंत्राच्या पाऊण उंचीची नवी कपाटं दिवाणखान्यात ठेवण्यासाठी विकत मिळतात आणि खपतातही. १९८२ मध्ये बारा वर्षांचे असलेले लोक आज पन्नाशीत आहेत, हातात पैसा आहे, तेव्हा या गिऱ्हाइकाचं नवल नाही. माणसाच्या आठवणींचा दाट पट्टा साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचा असतो, असं मानसशास्त्रज्ञही सांगतात. नवल आहे ते विशीतल्या मुलांचं. त्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत, तरी ती हळहळतात.

ही हळहळ नेमकी कशाची, आणि तिच्या नावाने जे जपलं जातंय त्यात ती गोष्ट उरली आहे का, हा या लेखाचा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळ जपले, चित्रं जपली, आवाज जपले. नाणं मात्र सुटलं. आणि हे खेळ नाण्यानेच घडवले होते.

सुरुवातीपासून पाहू. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या, म्हणजे एमआयटीतल्या, पोरांनी १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ रचला तेव्हा तो लाखभर डॉलरच्या संगणकावर फुकट खेळला जाई. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७१ मध्ये त्याच कल्पनेला नाण्याची फट जोडली आणि ‘कॉम्प्युटर स्पेस’ बाजारात आणला. तो फारसा चालला नाही. सूचना वाचल्याशिवाय खेळता येत नसे, आणि दारूच्या गुत्त्यात सूचना वाचतो कोण! पुढच्या वर्षी दोघांनी अटारी काढली. त्यांच्याकडे नव्याने लागलेल्या ॲलन अल्कॉर्नने हात बसावा म्हणून एक साधा टेबल टेनिस केला. तोच ‘पाँग’. सनीवेल गावातल्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये त्याचं पहिलं यंत्र बसलं आणि थोड्याच दिवसांत बंद पडलं. अल्कॉर्न दुरुस्तीला गेला तेव्हा यंत्र धडधाकट होतं. आतला डबा पाव डॉलरच्या नाण्यांनी ओसंडला होता. या धंद्याची जन्मकथा म्हणून ही गोष्ट प्रत्येक पुस्तकात येते आणि ते योग्यच आहे, कारण पुढचं सगळं त्या डब्याभोवतीच घडलं.

अभ्यासक ज्याला सुवर्णकाळ म्हणतात तो १९७८ ते १९८३. सुरुवात जपानच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून. टायटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकाडो यांनी तो जवळपास एकहाती केला; त्यासाठी लागणारी यंत्रसामग्रीसुद्धा स्वतः जुळवली. पडद्यावर पाच ओळींत अकरा-अकरा, एकूण ५५ परग्रहवासी. बिचाऱ्या इंटेल ८०८० प्रोसेसरला सगळे एकदम हलवणं झेपत नसे, म्हणून एका वेळी एकच हलायचा. खेळणारा जसजसे ते टिपत जाई तसतसा एका फेरीला लागणारा वेळ कमी होई आणि उरलेले झपाट्याने अंगावर येत. शेवटचा तर पळतच सुटे. ही यंत्राची दुबळी बाजू. निशिकाडोंनी ती दुरुस्त केली नाही, कारण खेळ त्यानेच रंगत होता. सोबत चार खर्जाच्या सुरांची घसरती धून, तीही वेग धरणारी. पडदा काळा-पांढरा, रंग दिसायचा तो काचेवर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. अमेरिकेतल्या यंत्रात तर चंद्राच्या डोंगरांचं चित्र पाठीमागे असे आणि खेळाचं प्रतिबिंब आरशातून त्यावर पडे. संगणकावर आज हा खेळ सुरू केला की ५५ जण येतात, धून येते, चंद्र मात्र वेगळा शोधून जोडावा लागतो.

मग ओळच लागली. १९७९ मध्ये ‘ॲस्टेरॉइड्स’, १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’ आणि ‘मिसाइल कमांड’, १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’. पॅक-मॅनचे कर्ते तोरू इवातानी यांनी चार भुतांना चार स्वभाव दिले. लाल भूत थेट माग काढतं. गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोरची चौथी चौकट धरून वाट अडवतं. निळ्याचा नेम लाल भुताच्या जागेवर अवलंबून. नारिंगी मात्र अंगाशी आलं की बिचकून आपल्या कोपऱ्याकडे वळतं. यात नशिबाचा भाग इतका कमी की वाटा पाठ करणाऱ्यांना तासन् तास एका नाण्यावर खेळता येऊ लागलं. २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षर-आकड्यांच्या कचऱ्याने भरतो आणि खेळ अडकतो, कारण पातळी मोजणारा आकडा २५५ च्या पुढे मावतच नाही. इतक्या लांब कुणी पोचेल असं करणाऱ्यांना वाटलं नव्हतं.

आता दुकानदाराच्या बाजूने बघा. एक पोरगा पाव डॉलर टाकतो आणि दुपारभर यंत्र अडवून बसतो. ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये लोकांनी एकच दगड शिल्लक ठेवून येणाऱ्या तबकड्या टिपत राहण्याची युक्ती काढली; पुढच्या आवृत्तीत अटारीला ती मोडावी लागली. ‘मिसाइल कमांड’मध्ये पोरं पटाईत झाली आणि डबे रिकामे राहू लागले, तेव्हा एमआयटी सोडलेल्या काही तरुणांनी खेळ अवघड करणारं जोडसर्किट दुकानदारांना विकायला सुरुवात केली. अटारीने त्यांच्यावर दावा ठोकला. पुढे याच मंडळींच्या हातून ‘मिस पॅक-मॅन’ घडली. यंत्राच्या आतल्या सर्किट बोर्डावर बारीक स्विचची रांगही असे: लाइफ तीन की पाच, शत्रू सोपा की कठीण. ही रांग मालकाच्या हातात. म्हणजे दोन दुकानांतला एकच खेळ वेगवेगळा असू शकत होता. आठवणीत जो खेळ ‘भयंकर कठीण’ असतो, तो कदाचित तुमच्या मालकाने तसा लावून ठेवलेला असेल.

नाण्याने आणखी एक गोष्ट केली, तिला मी जास्त महत्त्व देतो. हरण्याला किंमत होती म्हणून लोक पाठीशी उभे राहून बघत. पुढचा नंबर लावायचा तर पडद्याखालच्या पट्टीवर नाणं ठेवायचं, ही अमेरिकेतली रीत. ‘स्ट्रीट फायटर टू’ने १९९१ मध्ये याच रीतीचा धंदा केला: जिंकणारा उभा राहतो, हरणारा पुन्हा पैसे टाकतो. दोघे खेळणार, एकाचे पैसे जाणार आणि पाच जण शिकणार. ज्याला आज आपण ‘त्या काळचं वातावरण’ म्हणतो ते या हिशेबातून तयार झालं होतं.

या विषयावर लिहिणाऱ्यांत नाण्याची जाण सगळ्यांना सारखी नाही. कादंबरीकार मार्टिन एमिस यांनी १९८२ मध्येच या यंत्रांवर एक पुस्तक लिहिलं, स्पीलबर्गच्या प्रस्तावनेसह. व्यसन लागलेल्या माणसाचा तो मार्गदर्शक आहे: कुठल्या यंत्रावर काय डाव टाकायचा, कसला माणूस शेजारी भेटतो. मोठेपणी एमिसना ते जवळचं वाटत नसावं, कारण कित्येक वर्षं ते पुन्हा छापलं गेलं नाही. २०१८ मध्ये कुठे नवी आवृत्ती निघाली. मला मात्र नंतरच्या गोडगोड पुस्तकांपेक्षा ते खरं वाटतं. त्यात दुकानाचा वास आहे.

डेव्हिड सड्नाऊ यांचं १९८३ चं ‘पिल्ग्रिम इन द मायक्रोवर्ल्ड’ अगदी उलट टोकाचं. हा माणूस समाजशास्त्रज्ञ आणि पियानोवादक. जॅझ वाजवताना हात कसा शिकतो यावर त्याने आधी पुस्तक लिहिलेलं. ‘ब्रेकआउट’ त्याने घरच्या अटारीवर, टीव्हीला जोडून खेळला आणि सुरुवातीच्या मोजक्या फटक्यांचा गायकाने पलटे घोटावेत तसा रियाज केला. हे त्याला परवडलं कारण घरी नाणं लागत नव्हतं. एकाच खेळाच्या या दोन जाती आहेत, दुकानातली आणि घरातली, हे त्याच्या पुस्तकातून नकळत कळतं.

कार्ली कोकुरेक यांचं २०१५ चं ‘कॉइन-ऑपरेटेड अमेरिकन्स’ या सगळ्यात धारदार. आर्केड ही मुलग्यांची जागा आपोआप झाली नाही, ती बातम्यांनी, सिनेमांनी, जाहिरातींनी तशी ठरवली, असा त्यांचा दावा. आयोवा राज्यातल्या ऑटमवा गावी वॉल्टर डे यांनी ‘ट्विन गॅलॅक्सीज’ हे आर्केड काढलं आणि देशभरच्या विक्रमांची नोंद ठेवायला घेतली. १९८२ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने तिथे यंत्रांमागे विक्रमवीरांना उभं करून फोटो काढला. त्यातले वीर सगळे मुलगे. मुली आहेत त्या चीअरलीडर म्हणून. याच सुमारास ‘सेंटिपीड’ बाजारात होता, आणि तो करणाऱ्या दोघांतली एक डोना बेली होती. आठवणींच्या बाजाराने फोटो उचलला, बेलीबाईंना बराच काळ विसरला.

सिनेमात ‘द किंग ऑफ काँग’ या २००७ च्या माहितीपटाने ‘डाँकी काँग’च्या विक्रमावरून बिली मिचेल आणि स्टीव्ह वीबी यांची चुरस घरोघरी नेली. पुढे २०१८ मध्ये मिचेल यांचे विक्रम ‘ट्विन गॅलॅक्सीज’च्या यादीतून काढले गेले. मुद्दा होता, खेळ मूळ बोर्डावर झाला की संगणकावरच्या नकलेवर? प्रकरण कोर्टात गेलं, २०२४ मध्ये तडजोडीने मिटलं आणि विक्रम जुन्या नोंदींत परत आले. चाळीस वर्षांपूर्वीच्या माकडाच्या खेळासाठी वकील लागावेत, यावरून या आठवणींची किंमत कळते.

जिथे आठवण विकली जाते तिथे दंतकथा पिकतात. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मुळे जपानात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, ही गोष्ट अजून बिनधास्त छापली जाते, टाकसाळीचे आकडे तिला दुजोरा देत नाहीत. दुसरी ‘पॉलिबियस’ची. १९८१ मध्ये पोर्टलंडच्या आर्केडमध्ये सरकारने पोरांच्या मेंदूवर प्रयोग करणारं यंत्र ठेवलं होतं म्हणे. त्या काळातला एकही पुरावा नाही. ही कथा इंटरनेटच्या जमान्यातली. पण ती टिकली, कारण आईबापांच्या खऱ्याखुऱ्या भीतीला तिने चेहरा दिला. ती भीती सरकारांपर्यंत पोचलीच होती. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी १९८१ मध्ये व्हिडिओ गेमवर सरसकट बंदी घातली. जपानने १९८५ पासून गेम सेंटरांना रात्रीच्या करमणूक धंद्यांच्या कायद्याखाली आणलं.

जपणुकीचं काम कुठवर आलंय? सर्वांत मोठं काम सरकारने किंवा कंपन्यांनी केलेलं नाही. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ च्या फेब्रुवारीत ‘मेम’ नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. जुन्या बोर्डावरच्या चिपांमधला मजकूर उतरवून घ्यायचा आणि ते बोर्ड कसं चालत होतं हे आजच्या संगणकावर हुबेहूब वठवायचं. करणाऱ्यांचं म्हणणं असं की उद्देश नोंद ठेवण्याचा, खेळता येतं हा वरचा फायदा. कायद्याच्या दृष्टीने अर्धी अंधारातली ही चळवळ नसती तर शेकडो खेळ आज नुसते नावाला उरले असते.

याचा सगळ्यात बोलका दाखला कॅपकॉमच्या १९९३ नंतरच्या बोर्डांचा. नकला होऊ नयेत म्हणून कंपनीने खेळाला कुलूप घातलं आणि किल्ली बोर्डावरच्या अशा स्मृतीत ठेवली जी एका छोट्या बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की किल्ली गेली, किल्ली गेली की खेळ मेला. शौकीन तिला आत्मघातकी बॅटरी म्हणतात. ही कुलपं बाहेरच्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून उघडली, आणि आज मेलेली बोर्डं जिवंत होतात ती त्यांच्यामुळे.

काही गोष्टी मात्र उतरवून घेता येत नाहीत. ‘ॲस्टेरॉइड्स’चा पडदा टीव्हीसारखा ओळी-ओळींनी रंगत नसे, इलेक्ट्रॉनचा झोत प्रत्यक्ष रेषा काढी. गोळीचा ठिपका काळोखात अक्षरशः चमकून उठे. आजच्या सपाट पडद्यावर तो पांढरा ठिपका असतो, बस. जुन्या काचेच्या नळ्या आता बनत नाहीत. मूळ यंत्रं पाहायची तर न्यू हॅम्पशायरमधल्या फनस्पॉटला किंवा शिकागोजवळच्या गॅलपिंग घोस्टला जावं लागतं. दुसऱ्या ठिकाणी दाराशी एकदाच पैसे द्यायचे, मग हवं ते कितीही खेळा. सोय उत्तम, पण तिथेच खेळ पातळ होतो. मेलात? बटण दाबा. पाच मिनिटं एका यंत्राशी, मग दुसरं. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तर मांडणीत कपाटंच काढून टाकली, भिंतीत पडदा आणि समोर कळा. नाण्याची फट नाही की रंगवलेल्या बाजू नाहीत. जपानात चित्र आणखी वेगळं. गेम सेंटर अजून आहेत, पण पैसा येतो तो बाहुल्या उचलणाऱ्या यंत्रांतून. सेगाने २०२२ मध्ये आपल्या आर्केड धंद्यातला उरलासुरला हिस्साही विकला आणि दुकानांवर ‘गिगो’ची पाटी लागली.

आपल्याकडे या सुवर्णकाळाची आठवण फारच थोड्यांना आहे. महाराष्ट्रातल्या चाळिशीतल्या माणसाला पार्लर म्हटलं की आठवतं ते ९० चं दशक, म्हणजे अमेरिकेच्या मानाने दुसरी लाट. स्टेशनबाहेरचा गाळा, थिएटरच्या आवारातली खोली, जत्रेतला तंबू. रुपया-दोन रुपयांचं कॉइन. आणि खेळ म्हणाल तर ‘मुस्तफा’. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम, १९९३. चार नायकांतला पिवळ्या टोपीचा, चपळ लाथेचा मुस्तफा पोरांनी निवडला आणि खेळालाच त्याचं नाव पडलं. तिसऱ्या टप्प्यात गाडी हाती आली की पाठीमागची गर्दी ओरडे. ज्याचे पैसे संपले तो ‘एक लाइफ दे ना’ म्हणत खेटून उभा.

हा खेळ एका अमेरिकी कॉमिकवरून परवान्याने केलेला होता आणि घरच्या कन्सोलवर तो कधीच आला नाही. म्हणजे आपल्या एका पिढीचा सर्वांत लाडका आर्केड गेम आजही सरळ मार्गाने विकत मिळत नाही. आणखी गंमत पाहा. त्याच्या मूळ बोर्डातही आवाजाच्या भागाला तसलीच बॅटरी होती. आपल्याकडे जी नकली बोर्डं फिरत त्यांत नकलाकारांनी ती भानगड आधीच काढून टाकलेली. अस्सल माल बॅटरीबरोबर मुका होतो, चोरीचा माल तीस वर्षांनीही बोलतो.

आपल्याकडेही या धंद्याकडे संशयाने पाहिलं गेलं. कर्नाटकातल्या पार्लरांच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने परवान्याची अट वैध ठरवली. खेळात कौशल्य किती आणि नशीब किती, हा वादाचा गाभा होता. आपल्या पार्लरांतही मुली जवळपास नव्हत्याच, आणि त्याचं कारण शोधायला कुणी कोकुरेक इथे लाभलेली नाही. पुढे टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम घरात आले, सायबर कॅफे आले, मोबाइल आला. मॉलमधल्या गेम झोनमध्ये आता कार्ड टेकवतात. किती गेले ते घरी आल्यावर कळतं.

म्हणून माझा निवाडा असा. परदेशातली आठवणींची बाजारपेठ गोड झाली आहे, पण तिच्या पाठीशी बोर्डं, पुस्तकं, नोंदी आणि भांडणंसुद्धा आहेत. तिची चूक काढता येते, कारण कागद उपलब्ध आहे. आपल्याकडे फक्त ‘मुस्तफा आठवतो का रे’ एवढंच आहे. कुठल्या वर्षी कॉइन कितीला होतं, मशीन भाड्याने की विकत, बोर्ड कुठून येई, स्विच कसे लावत, हप्ता कोणाला जाई, हे सांगणारे मालक आणि मेकॅनिक आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्याशी बोलून ठेवायला हवं, आणि ते लौकर.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवा. माळ्यावर जुनं बोर्ड पडलं असेल तर भंगारात देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि चिपांवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या सोलू नका. त्या पट्टीखाली काचेची खिडकी असते. ती उघडी पडून ऊन लागत राहिलं तर आतला खेळ पुसला जातो.